पऱ्या म्हणजे ओढाच का? मग ओहोळ आणि नाला वेगळे कसे?

रत्नागिरीकडचा पऱ्या म्हणजे ओढाच का, असं तुम्ही विचारलंय. जवळपास हो. पावसाळ्यात डोंगरउतारावरून धावत येणारा, पुढे बहुधा आटणारा. खाली सिंधुदुर्गात गेलात की त्याला वहाळ म्हणतात, गोव्यात व्हाळ.

बाकीच्यांचा फरक ओळखायला रुंदी मोजू नका, सोबतचं क्रियापद ऐका. झरा फुटतो, कारण तो जमिनीच्या पोटातून येतो. ओघळ पडतात, पावसाचं पाणी माती कापत गेल्याच्या त्या खुणा, उघडीप मिळाली की कोरड्या. ओहोळ नुसता वाहतो, एका ढांगेत ओलांडावा एवढाच. ओढ्याला मात्र स्वतःचं पात्र असतं, काठ असतो, आणि पूरही येतो. ओढा उतरेपर्यंत पलीकडच्या वस्तीवरची माणसं अडकून पडतात. ओहोळाला हा मान नाही!

खरा घोळ नाल्याचा. विदर्भात नाला म्हणजे साधा ओढाच, त्यात घाण असायलाच हवी असं नाही. जलसंधारणाच्या कामांतला 'नाला खोलीकरण' हा शब्दही त्याच अर्थाचा. शहरात मात्र नाला म्हटलं की नाकाला रुमाल. माझं मत विचाराल तर यात शब्दाचा दोष नाही. आपण आधी मैलापाणी सोडलं, मग नाव खराब झालं. मुंबईची मिठी ही विहार-पवईच्या तलावांकडून माहीमच्या खाडीला जाणारी नदी, पण २६ जुलै २००५ च्या पुरापर्यंत कित्येक मुंबईकरांच्या लेखी ती नालाच होती. उलट पुण्यातल्या कात्रजकडून येणाऱ्या आंबिल ओढ्याचं नाव 'ओढा'च राहिलं, तरी काठ बांधकामांनी आवळले गेले. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री त्याचं पाणी घराघरांत शिरलं, माणसं गेली.

पाट या यादीत धरू नका. तो आपोआप होत नाही, 'काढावा' लागतो. कोकणात वहाळाचं पाणी अडवून सुपारीच्या बागेत आणतात तो पाट. देशावर धरणाचा कालवा, त्याला फुटलेली चारी, शेतातला दंड, शेवटी सरी. तिथे पाणी द्यायला उभं राहणं म्हणजे 'दारं धरणं'.