आधी शीड, मग जाळं

प्रश्न : आम्ही अभियांत्रिकीचे सहा विद्यार्थी. अवकाशातला कचरा जाळ्यात पकडणारा छोटा उपग्रह बनवायचा आहे. आवाक्यातलं आहे का? — विद्यार्थी गट, सोलापूर

उत्तर : पहिल्या खेपेला जाळं सोडून द्या. जाळं फेकायचं तर समोर लक्ष्य हवं, त्याच्याजवळ जायला इंजिन हवं, अंतर मोजायला कॅमेरे हवेत. अवकाशातला कचरा हटवण्याच्या ‘रिमूव्ह डेब्री’ या प्रायोगिक मोहिमेत २०१८ साली जाळ्याचा प्रयोग साधला, पण तो उपग्रह सुमारे शंभर किलोचा होता आणि लक्ष्यही त्याने सोबतच नेलं होतं. त्याच मोहिमेत शेवटी शीड उघडायचं होतं, ते मात्र अपेक्षेप्रमाणे उघडलं नाही. तुम्ही हात घालावा तो इथे.

शीड म्हणजे विरळ हवेचा विरोध वाढवून उपग्रहाला लवकर खाली आणणारा पडदा. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी २०२२ साली दुकानात मिळणाऱ्या ४८ एए बॅटऱ्यांवर असा उपग्रह चालवला. ऑगस्ट २०२३मध्ये तो वातावरणात शिरून संपला.

तीन युनिटचा क्यूबसॅट, म्हणजे ठरलेल्या मापाच्या ठोकळ्यांचा छोटा उपग्रह घ्या, १० × १० × ३४ सेंटिमीटर. त्याला दोन मीटर बाजूचं चौरस शीड चार त्रिकोणांत बसवा. कॅप्टॉन या उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकची साडेबारा मायक्रॉनची फिल्म वापरली तर चार चौरस मीटरचं वजन अवघं ७१ ग्रॅम भरतं. शीड ताणून धरणाऱ्या चार दांड्या प्रत्येकी दीड मीटरच्या, टेपसारख्या गुंडाळता येणाऱ्या. सरावाला सुताराची पोलादी मेजरिंग टेप उत्तम, उड्डाणाला नको : पोलाद चुंबकीय असल्याने मॅग्नेटोमीटरची, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या उपकरणाची, दिशा चुकते. तिथे बेरिलियम-तांब्याची पट्टी लागते. ती घासू नका, तिची धूळ विषारी असते. हिशेबात आणखी एक चूक हमखास होते. शीड गिरक्या घेत राहिलं तर हवेसमोर सरासरी निम्मंच क्षेत्रफळ येतं, म्हणून चार नव्हे, दोन चौरस मीटर धरा.

शीड बांधून ठेवणारा दोरा नायक्रोमच्या, म्हणजे विजेने तापणाऱ्या, तारेने जाळून तोडतात. बॅटरी थंड पडली की व्होल्टेज घसरतं, म्हणून तारेला ठराविक करंट देणारं सर्किट करा. तार स्प्रिंगने दोऱ्यावर दाबलेली हवी, नाहीतर वरचा थर वितळतो आणि तार अधांतरी राहते. तारा दोन ठेवा, वेगवेगळ्या सर्किटवर. हवेत चाचणी घेऊन करंट ठरवू नका. निर्वातात उष्णता वाहून न्यायला हवा नसते, तेवढ्याच करंटला तार जास्त तापते आणि तुटूही शकते.

घडी घालताना मधली हवा निघायला फिल्मला बारीक छिद्रं ठेवा. अडकलेली हवा रॉकेट वर चढताना फुगते आणि घडी विस्कटते. आपल्याकडे उन्हाळ्यातली कोरडी हवा हा वेगळा ताप : स्थिर विजेमुळे फिल्म स्वतःलाच चिकटते. खोलीत ओलावा राखा, मनगटाला अर्थिंगचा पट्टा लावा. गुंडाळलेली टेप आतल्या आत सैल होऊन डब्यात अडकते, तिला बाहेरून रोलरचा दाब द्या. घडी घालून महिनाभर ठेवलेलं शीडही उघडून बघा. ताजी घडी बहुतेकदा उघडतेच. चाचणी गुळगुळीत टेबलावर घ्या, नाहीतर गुरुत्वाने टेप मध्येच मोडते.

प्रश्न : आमच्या मागांवर टॉवेल, चादरी निघतात. असं शीड किंवा जाळं इथे विणता येईल? — यंत्रमागधारक, अक्कलकोट रोड

उत्तर : शीड विणत नाहीत, ती सलग फिल्म असते. उपग्रहाच्या उंचीवरचा सुटा ऑक्सिजन अणू नायलॉन, सूत दोन्ही खातो. कॅप्टॉनही झिजतं, म्हणून त्यावर ॲल्युमिनियमचा थर देतात. जाळ्याचं सांगायचं तर ताणा-बाणा एकमेकांवर सरकतो आणि छिद्रं वेडीवाकडी होतात, तिथे गाठ हवी. जमिनीवरच्या फेकीच्या सरावाला मासेमारीचं गाठींचं नायलॉन जाळं पुरतं. मात्र शिवणकामातला तुमचा हात या मुलांच्या उपयोगाचा आहे. फिल्मच्या कडांना पट्टी लावून फाटणं रोखायचं असतं, ते त्यांना शिकवा. फक्त कारखान्यात नको, तिथल्या हवेतला तूस घडीत अडकतो.

प्रश्न : परवानगी कुठून घ्यायची? — वाचक, होटगी रोड

उत्तर : इन-स्पेस या खासगी अवकाश उपक्रमांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेकडून. त्याआधी पीएसएलव्ही रॉकेटच्या चौथ्या टप्प्यावरच्या ‘पोएम’ या प्रयोगांच्या मंचावर फक्त दांड्यांची यंत्रणा आणि कॅमेरा पाठवता येतो का, ते तिथेच विचारा. उपग्रह सुटल्यावर पहिली ३० मिनिटं काहीही उघडायचं नाही आणि ४५ मिनिटं रेडिओ बंद, हा क्यूबसॅटचा नियम सॉफ्टवेअरमध्ये आधीच घाला. रेडिओ वारंवारतेचा अर्ज सांगाडा पक्का करण्यापूर्वी करा. ४३५ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबीची अँटेना सुमारे १७ सेंटिमीटर लागते, वारंवारतेचा पट्टा बदलला तर तिची लांबी आणि जागा दोन्ही बदलतात.