घाटाची उधारी

प्रिय पोरी,

तुझी ग्रॅव्हल सायकल, म्हणजे कच्च्या वाटांवर चालणारी, आली, फोटोही पाहिला. हँडलच्या फाकलेल्या मुठी बघून तुझ्या आईने "नवीन सायकलीचं हँडल वाकडं कसं?" असं विचारलं, तेही कानावर आलं. रंग छान आहे, पहिल्या चिखलात दिसेनासा होईल.

आता तुझा बेत. त्र्यंबकहून आंबोली घाट उतरायचा, डांबर सोडून मुरमाच्या वाटेने नदीपर्यंत खाली जायचं आणि संध्याकाळी घरी. फोनवर सांगितलं असतं तर तू "हो काका, हो काका" म्हणून तेच केलं असतंस, म्हणून लिहायला बसलो.

नाशिकचा हिशोब उलटा आहे. बाकीच्या गावांत लोक डोंगर चढतात, दमले की मागे फिरतात आणि उतार त्यांना घरी आणून सोडतो. आपलं गाव वर, पठारावर. पश्चिमेला निघालीस की घाटाचा उतार सकाळच्या ताज्या पायांना मिळतो आणि चढ दुपारच्या थकलेल्या पायांच्या वाट्याला येतो. पेठ रोडला सावळघाट, गिरणाऱ्याहून हरसूलला जाताना वाघेऱ्याचा घाट, त्र्यंबकपुढे आंबोली, सगळीकडे हेच. घाट उतरणं म्हणजे उधारीवर माल उचलणं. किराणावाला निदान वहीत मांडून ठेवतो, घाट तेही करत नाही. चार तासांनी एकदम वसुलीला उभा राहतो.

असं का, ते ब्रह्मगिरीवर उभं राहिलं की कळतं. सुमारे १३०० मीटर उंचीचा तो डोंगर. त्याच्या पूर्वेला पडलेला पाऊस गोदावरीतून १४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जातो. तिथून जवळच उगवणारी वैतरणा पश्चिमेला वळते आणि थोडक्यात अरबी समुद्र गाठते. जिला उतरायला जागा कमी, ती जोरात कापते. म्हणून गोदेचं खोरं पसरट आणि पश्चिमेच्या नद्यांच्या घळी खोल. शिवाय आपला दगड लाव्ह्याच्या आडव्या थरांचा आहे. एक थर कठीण, त्याखालचा ठिसूळ. त्यामुळे सह्याद्री जिन्यासारखा आहे: सपाटी, मग भिंत, परत सपाटी. परतताना एक भिंत चढून सपाटी लागली की वाटतं संपलं. संपलेलं नसतं. पुढच्या भिंतीसाठी श्वास आणि एक चिक्की राखून ठेव.

माझी फजिती तुला कधी सांगितली नाही. सातपूरला टूलरूममध्ये होतो तेव्हाची गोष्ट, जाड टायरची जुनी एमटीबी, म्हणजे डोंगरी सायकल, होती. ऑक्टोबरात आंबोली उतरलो आणि मुख्य रस्ता सोडून एका पाड्याकडे जाणारी वाट धरली. वाट सुंदर, तांबूस मुरूम, दोन्ही बाजूंना कापणीला आलेलं भात, मी शीळ घालत खाली. नदीपाशी पोचलो तेव्हा घड्याळात दोन. भाकरी खाल्ली, पाण्यात पाय सोडून बसलो, तिथेच तास गेला. घळीत सूर्य लवकर कड्याआड जातो हे माझ्या गावीही नव्हतं. चारलाच सावली पडली. चढावर पहिल्याच वळणाला चेन तुटली. चेन जोडायचं अवजार घरी, व्यवस्थित तेल लावून, खणात ठेवलेलं! रोज मायक्रॉनमध्ये माप घेणारा माणूस मी. पाड्यावरच्या एका आजोबांनी पाणी दिलं, माझ्या सायकलीकडे बघून "गाडीला घोडा नाय का?" असं विचारलं आणि रात्री एका जीपच्या टपावर सायकलसह मला वर पाठवलं. आजोबा चेष्टा करत होते की खरंच विचारत होते, अजून ठरवता आलेलं नाही.

तेव्हापासून मी परतायची वेळ उतरायच्या आधी ठरवतो. खाली जायला जितका वेळ लागेल त्याच्या तिप्पट वर यायला धरायचा आणि घाट चढून माथ्यावर पोचायची वेळ दुपारी दोनची ठेवायची. त्यात नदी बसत नसेल तर त्या दिवशी नदी नाही. लांबून बघायची आणि वळायचं. उतरताना दर दोन-तीन किलोमीटरला थांबून मागे बघ. दोन कारणं: वाट परत फिरताना वेगळी दिसते, आणि चढ डोळ्यांनी मोजला जातो.

पाण्याबद्दल मात्र हिशोब नाही, सरळ नियम आहे. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर जायचं नाही, घोटाभर असलं तरी. खाली शेवाळ असतं आणि पुलाची कड दिसत नाही. गोदेला पूर आला की आपण नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतो, पाणी कमरेला की छातीला. घळीत असा मारुती नसतो. पाऊस वर डोंगरात पडतो, तुझ्या डोक्यावर ऊन असतं, आणि ओढा अर्ध्या तासात रंग बदलतो. २०२२च्या ऑगस्टमध्ये दुगारवाडीच्या धबधब्याला पर्यटक असेच ओढ्यापलीकडे अडकले होते. पाणी गढूळ झालं किंवा काटक्या-पालापाचोळा वाहून येऊ लागला की जेवण अर्धं टाकून वर निघ.

सायकलीचं थोडक्यात. तुझे टायर ४० मिलिमीटरचे, ट्यूबलेस. दुकानात ठासून हवा भरून दिली असेल, ती कमी कर. तुझ्या वजनाला ३० ते ३२ पीएसआय दाब पुरे, मागे जरा जास्त. बाभळीच्या काट्याला आतलं सीलंट, म्हणजे भोक आपोआप बुजवणारा द्रव, पुरून उरतं, पण आपल्या उन्हाळ्यात ते दोन-तीन महिन्यांत सुकतं. चाक हलवून आत डबडब ऐकू येते का बघत जा. तुझा व्हॉल्व्ह प्रेस्टा, म्हणजे बारीक तोंडाचा आहे, गावातल्या हवेच्या मशीनचं तोंड त्यावर बसत नाही. चार पैशांचा पितळी अडॅप्टर कायम जवळ हवा. तसंच एक ट्यूब, टायरचं भोक बुजवायचे प्लग, चेनचं अवजार आणि जोडकडी, मागच्या डिरेलरचा, म्हणजे गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचा, हँगर. बाकी काही विसरलीस तरी चालेल.

गिअरची चौकशी केलीस ते बरं केलंस. पुढे ४० दाते आणि मागे सर्वांत मोठं चक्र ४२चं, म्हणजे पॅडलच्या एका फेरीत चाक एका फेरीपेक्षा किंचित कमी फिरतं. डांबरी घाटाला पुरेल. सुट्या खडीच्या चढाला कधीकधी पुरणार नाही, तेव्हा उतरून ढकल. लाज कसली? आपल्या महाजन बंधूंनी २०१५ साली सायकलवर अमेरिका आडवी पार केली तेव्हा नाशिकचं नाव झालं, पण ते डांबरावर. ग्रॅव्हलचा खेळही तिकडचाच. कॅन्ससमधल्या एम्पोरियाला २००६पासून २०० मैलांची शर्यत होते. तिकडे चकमकीचे धारदार दगड टायर फाडतात, पण रस्ते यंत्राने सपाट केलेले असतात. तिकडचे व्हिडिओ बघून वेग ठरवू नकोस. आपल्या मुरमाच्या रस्त्यावर पावसाने आडवे चर पडतात आणि मधेच कुणाचा तरी रेडकू बसलेला असतो.

उतारावर हात खालच्या मुठींवर, कोपर सैल, बूड सीटवरून थोडं मागे. ब्रेक वळणाच्या आधी. वळणात पुढचा दाबलास तर मुरूम तुला खाली घेतो, माझ्या डाव्या कोपराला विचार. ट्रॅक्टरच्या चाकोरीतून जा, मधल्या उंचवट्यावर सुटी खडी साठते.

पावसाळ्यात डांबर सोडू नकोस. काळी माती चाकाला चिकटून फोर्कमध्ये भरते, सायकल खांद्यावर घ्यावी लागते. आणि भातलावणीच्या दिवसांत खाचरांच्या बांधावरून जाणं म्हणजे कुणाच्या तरी पोटावरून जाणं. दसऱ्यानंतर मुरूम बसतो, तिथपासून जानेवारीपर्यंत आपला हंगाम. तिन्हीसांजेला उसाच्या कडेने रेंगाळू नकोस, बिबट्याची गोष्ट मी तुला सांगायला नको.

तेव्हा आंबोली आत्ता नाही. आधी गंगापूर धरण, गिरणारे, तिथून काश्यपी धरणाच्या पाण्याकडे कच्च्या वाटेने आणि परत. त्या वाटेवर घाटाची उधारी नाही. टोमॅटोचा हंगाम आहे, गिरणाऱ्याच्या बाजारापाशी पिकअपची गर्दी असेल, तिथे सांभाळून. ते जमलं की वाघेऱ्याचा घाट उतरून लगेच वर. मग आंबोलीचं बोलू.

शनिवारी पहाटे साडेपाचला गंगापूर नाक्यावर ये. पंप माझ्याकडे आहे, अडॅप्टर तू आण. आणि आईला सांग, हँडल तसंच असतं.

तुझा,
काका