'गूगलवर होतं की मॅडम!'

प्रश्न: मी सांगली जिल्ह्यात नववीला भूगोल शिकवते. दिवाळीनंतर प्रोजेक्ट मागवले तर ४२ पैकी ११ मुलांनी तोच तो रंगीबेरंगी भारताचा फोटो चिकटवून आणला, खाली 'नासाने टिपलेली दिवाळीची रात्र'. फोटो तसा नाहीये हे मला माहितीये, पण मुलांना पटवू कसं? वेबसाइट भरवशाची आहे का हे तपासायची एखादी यादी आहे का?

उत्तर: याद्या ढिगाने आहेत हो, मी पण फळ्यावर लिहायचे, लेखकाचं नाव आहे का, फोटो-संदर्भ आहेत का, पत्ता डॉट ऑर्ग आहे का वगैरे, आणि पोरं पटापट टिक करून मोकळी! डॉट ऑर्ग तर पैसे भरले की कुणालाही मिळतं.

मग एकदा वर्गात झाडावर राहणाऱ्या ऑक्टोपसची साइट लावली. १९९८ पासून आहे ती, निव्वळ थट्टा, पण फोटो, संदर्भ, 'अमेरिकेतला हा दुर्मिळ प्राणी वाचवा' असं आवाहन, सगळं एकदम व्यवस्थित. माझ्याच यादीत तिला जवळपास पैकीच्या पैकी पडले, त्या दिवसापासून यादी बंद.

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी इतिहासाचे पीएचडीवाले, कॉलेजची मुलं आणि बातम्या पडताळणारे लोक यांना एकेका वेबसाइटसमोर बसवून पाहिलं. पीएचडीवालेसुद्धा चकचकीत दिसण्याला भुलले, पडताळणीवाले मात्र त्या पानावर रेंगाळलेच नाहीत, लगेच शेजारी नवा टॅब उघडून दुसरे कोण या साइटबद्दल काय म्हणतात ते बघितलं. स्थळ आलं की आपण काय मुलाकडच्यांनाच विचारतो का मुलगा कसा आहे, शेजारीपाजारी चौकशी करतोच ना, तसंच हे.

तुमचा फोटो तर यासाठी आयता आहे. एकच मोबाइल पुरे, गूगल लेन्समध्ये (फोटोवरूनच शोध घ्यायची सोय) टाका आणि पोरांनाच शोधू द्या. नासाच्या स्वतःच्या पानापर्यंत गेली की कळेल, तो एका रात्रीचा फोटोच नाही, बऱ्याच वर्षांची उपग्रहाची माहिती एकत्र करून एका अमेरिकन शास्त्रज्ञाने तो २००३ मध्ये बनवला. पांढरे दिवे १९९२ च्या आधीचे, निळे १९९२ चे, हिरवे १९९८ चे, लाल २००३ चे, म्हणजे त्या त्या वर्षी नव्याने दिसू लागलेले. नासाने दिवाळीतला खरा फोटोही दिलाय, १२ नोव्हेंबर २०१२ च्या रात्रीचा, आणि तो अगदीच साधा, कारण पणत्या-माळांचा जास्तीचा उजेड इतका कमी की अंतराळातून फरक कळतच नाही.

विकिपीडियावर बंदी घालू नका, फक्त खालच्या तळटीपा उघडायला लावा. एआयच्या उत्तरालाही हाच नियम, कुठून घेतलं ते उघडून बघायचं.

आणि हो, त्या ११ जणांचे मार्क कापू नका. फोटो तसाच ठेवून खालची ओळ नव्याने लिहायला सांगा, आणि लाल ठिपके कुठे जास्त आहेत, का आहेत, तेही विचारा, तुमचा वस्त्यांचा धडा त्यातच होऊन जाईल.