लकवा झालेल्या वडिलांसाठी घरी इलेक्ट्रिक बेड घ्यावा का, की साधा हँडलवाला फाउलर बेड पुरेल?

तुम्ही लिहिलंय की वडील ७६ वर्षांचे, उजवी बाजू गेलीये, थोड्याच दिवसांत डिस्चार्ज आहे, घरी बघणार आई आणि दिवसाची एक पगारी मावशी, आणि दुकानदार इलेक्ट्रिकच घ्या म्हणून मागे लागलाय. तर माझं सरळ मत, इलेक्ट्रिक घ्या, पण अख्खा बेड वर-खाली होणारा असेल तरच. नाहीतर हँडलवाला घ्या आणि उरलेले पैसे रात्रीच्या मावशीसाठी ठेवा.

दुकानात गेलं की आधी रिमोट दाबून पाठ उचलून दाखवतात, आणि ते बघून सगळेच खूश होतात. पण पाठ उचलायचं काम साधा फाउलर पण करतोच की. पायाशी दोन हँडल असतात, एक पाठीचं एक गुडघ्याचं, वाकून फिरवावं लागतं एवढंच. सेमी फाउलरला एकच हँडल, फक्त पाठीचं. जास्तीचे पैसे ज्यासाठी मोजायचे ती गोष्ट म्हणजे उंची, दुकानात त्याला हाय-लो म्हणतात. टू फंक्शन इलेक्ट्रिक म्हणजे नुसती पाठ आणि गुडघे, त्यात उंची नाही. थ्री फंक्शन मागा. फाइव्ह फंक्शनमध्ये डोक्याकडे-पायाकडे उतार देता येतो, तो आयसीयूचा प्रकार, घरी शक्यतो लागत नाही, डॉक्टरांनी मुद्दाम सांगितलं असेल तरच बघा.

उंचीचं एवढं का सांगतेय, तर माझ्या सासऱ्यांचं, आप्पांचं, घरी सगळं आम्हीच केलं, मी आणि सासूबाई. लकव्याच्या पेशंटचं दिवसाचं काम काय असतं बघा, स्पंजिंग, डायपर, कॅथेटरची पिशवी रिकामी करणं, कूस बदलणं, वर सरकवून घेणं, आणि हे सगळं दिवाणाच्या उंचीवर करायचं म्हणजे दरवेळी कमरेत पूर्ण वाकून वजन ओढायचं. महिन्याभरात सासूबाईंच्या कमरेला पट्टा आला. वर-खाली होणारा बेड आल्यावर तेच काम ताठ उभं राहून व्हायला लागलं, बेड आपल्या कमरेइतका वर घ्यायचा, काम करायचं, परत खाली. तुमच्या आईचं वय तुम्ही लिहिलं नाहीये पण सत्तरीच्या आसपास असणारच, म्हणून कळकळीने सांगतेय, बेड वडिलांइतकाच आईसाठी पण आहे. एक पेशंट असताना दुसरा अंथरुणाला खिळला तर घर कोलमडतं हो.

पेशंटला पण उंचीचा फायदा आहेच. रात्री बेड एकदम खाली ठेवायचा, म्हणजे उठायला गेले आणि पडले तरी मार कमी. व्हीलचेअरवर घेताना बेड सीटपेक्षा किंचित वर ठेवायचा, सरकणं सोपं जातं, परत बेडवर घेताना किंचित खाली. आणि फिजिओवाले काठावर बसवून उभं करायला लागतील तेव्हा तळपाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. इथे एक गोष्ट नीट बघा, कॅटलॉगमध्ये जी कमीत कमी उंची लिहितात ती गादीशिवायची असते बऱ्याचदा. समजा फ्रेम १६ इंच, वर ४ इंचाची गादी, त्यावर एअर बेड, म्हणजे बेडसोर टाळायला टाकतात ती पंपाने हवा भरायची गादी, ३ इंच, झाले २३ इंच, आणि वडील बुटके असतील तर पाय लोंबकळणार. टेप घेऊन जा आणि गादी टाकलेली ठेवून मोजा.

पाठ उचलताना क्रम लक्षात ठेवा, आधी गुडघे थोडे वर, मग पाठ. नुसती पाठ वर केली की माणूस हळूहळू पायाकडे घसरत जातो, कातडी गादीला चिकटलेली राहते आणि आतलं हाड पुढे सरकतं, माकडहाडावरच्या जखमा अशाच सुरू होतात. म्हणून एरवी पाठ ३० अंशाच्या आत ठेवायची. जेवताना किंवा नाकातल्या नळीने देताना मात्र चांगली वर घ्यायची आणि नंतर अर्धा-पाऊण तास तशीच ठेवायची, नाहीतर अन्न श्वासात जायची भीती असते, लकव्यात गिळायचा त्रास असतो बऱ्याच जणांना. आणि घसरलेल्या पेशंटला काखेत हात घालून ओढायचं नाही, लकव्याचा खांदा निखळतो. आम्ही सासूबाईंची जुनी मऊ सुती साडी चार पदरी घडी घालून खांद्यापासून मांडीपर्यंत अंगाखाली सरकवायचो, बेड सपाट करायचा, कमरेपर्यंत वर घ्यायचा, दोघींनी दोन बाजूंनी साडीची कड अंगाजवळ गुंडाळून घट्ट धरायची आणि एक-दोन-तीन म्हणून उचलून वर सरकवायचं. वापरून वापरून ती साडी इतकी मऊ झालेली असते की वळ उठत नाहीत, नवीन चादरीची शिवण मात्र टोचते.

एअर बेड वेगळा घ्यावाच लागतो, इलेक्ट्रिक बेड घेतला म्हणजे बेडसोर होणार नाहीत असं अजिबात नाही. एअर बेडचा पंप २४ तास चालू ठेवायचा, वर एकच पातळ चादर, रेक्झिन किंवा गोधडी नको. हवा पुरेशी आहे का ते बघायला माकडहाडाच्या बरोबर खाली एअर बेडच्या तळातून हात घालायचा, हाड हाताला लागलं तर हवा वाढवायची. तरीही दर दोन तासांनी कूस बदलायचीच, रात्री पण.

आता लाईटचं. बेडच्या मोटर बहुतेक २४ व्होल्ट डीसीच्या असतात, बटण दाबलं तेवढीच वीज खातात, त्यामुळे घरच्या इन्व्हर्टरवर चालायला अडचण येत नाही. पण बॅटरी बॅकअप आहे का किंवा लाईट नसताना पाठ हाताने खाली घेता येते का हे आधीच विचारा, कारण पाठ वर असताना लाईट गेली आणि पेशंटला अस्वस्थ वाटायला लागलं तर काय करणार. मोटरवर १०% किंवा २ मिनिटं / १८ मिनिटं असं काहीतरी लिहिलेलं असतं, म्हणजे २ मिनिटं चालली की १८ मिनिटं विश्रांती, नातवंडांनी रिमोट हातात घेऊन खेळलं की मोटर तापून बंद पडते. रिमोटला लॉक असेल तर तो वापरा. रिमोटची वायर फ्रेमच्या सांध्यात अडकून कापली जाते, ती रेलिंगला बाहेरून अडकवून ठेवायची.

रेलिंग हलवून बघा, खडखडत असेल तर नको. दांड्यांमधली आणि रेलिंग-गादीमधली फट महत्त्वाची, डोकं अडकून जीव गेल्याच्या घटना झाल्यात, म्हणून अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याने, २००६ मध्ये ही फट १२० मिलिमीटरपेक्षा कमी हवी असं सांगितलं. घरातली कुठलीही जुनी गादी टाकली की नेमकी इथेच फट राहते, बेडच्या मापाचीच गादी घ्या.

विकत की भाड्याने, तर आधी भाड्यानेच आणा. लकव्यात पहिल्या तीन-चार महिन्यांत बरीच सुधारणा होऊ शकते, वडील उठून बसायला लागले तर गरज बदलेल, आणि जुन्या बेडला नंतर गिऱ्हाईक मिळेलच असं नाही. सहा महिन्यांचं भाडं किती होतंय आणि नवीन केवढ्याला पडतोय हे दोन्ही कागदावर मांडा. डिपॉझिट, ने-आण, आणि बिघडला तर किती वेळात माणूस येणार हे लिहून घ्या. बजेट कमी असेल तर आपल्याकडे गावोगावी रुग्णोपयोगी साहित्य केंद्रं असतात, सेवाभावी संस्था, रोटरी क्लब, ज्येष्ठ नागरिक संघ वगैरे चालवतात, अनामत ठेवून नाममात्र भाड्यात कॉट, व्हीलचेअर मिळते. तिथे बहुतेक हँडलवालेच असतात. तो घेतला तर पायाखाली लाकडी ठोकळे वगैरे ठेवून उंच करायच्या भानगडीत पडू नका, चाकं लॉक होत नाहीत आणि पेशंट बसवताना कॉट सरकते.

बेड साधारण साडेसहा फूट बाय तीन फूट असतो, दोन्ही बाजूंना माणूस उभा राहील एवढी जागा ठेवा, भिंतीला चिकटवला तर कूस बदलताच येणार नाही. दाराचं माप, लिफ्ट आहे की जिना, आणि वडिलांची उंची-वजन इथे खाली लिहा, मग कुठला बसेल ते सांगते.