कोरोनाकाळात जहाजांवरचे खलाशी सुरक्षितपणे कसे बदलले गेले?

आधी अडचण समजून घ्या. आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारानुसार खलाशाला सलग बारा महिन्यांहून कमी काळच जहाजावर ठेवता येतं. २०२० मध्ये बंदरं आणि विमानं बंद झाली आणि सुमारे चार लाख खलाशी नोकरीचा करार संपूनही समुद्रातच अडकले. थकलेल्या माणसाच्या हाती इंजिन रूम असणं किती धोक्याचं, हे वेगळं सांगायला नको.

भारतात २१ एप्रिल २०२० ला गृह मंत्रालयाची कार्यपद्धती आली. जहाजावर चढणाऱ्याने गेल्या २८ दिवसांच्या प्रवासाची माहिती द्यायची, डॉक्टरांकडून तपासणी, मग ठरलेल्या मार्गाचा पास घेऊन थेट बंदर आणि तिथे कोरोना चाचणी. उतरणाऱ्याची चाचणीही बंदरावरच. अहवाल येईपर्यंत विलगीकरण, नंतर घरापर्यंतचा पास. दोनच दिवसांत ‘मरेला डिस्कव्हरी’ या क्रूझवरचे शंभराहून अधिक भारतीय मुंबईत उतरले.

माझ्या मते खरी किल्ली तो पास होती. चाचणी निगेटिव्ह आली तरी जिल्ह्याच्या नाक्यावर अडवलं, तर रत्नागिरीचा पोरगा घरी पोचणार कसा? म्हणूनच खलाशांना अत्यावश्यक कर्मचाऱ्यांचा दर्जा हवा होता. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०२० मध्ये सगळ्या देशांना तसं आवाहनही केलं.