‘साहेब, काल थोडक्यात वाचलो’ हे तुम्हाला कोण सांगतं?

सहायक अभियंता म्हणून तुम्ही पाच दिवसांचं नेतृत्व प्रशिक्षण करून आलात, शाखेत ‘आपण सगळे एक टीम’ असं सांगितलंत, आणि लाईनस्टाफ मान डोलावून पहिल्यासारखाच वागतोय. मग प्रशिक्षणाचा उपयोग काय, असं तुम्ही विचारलंय. यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत वीज वितरणात माझी सगळी नोकरी गेली, म्हणून जरा लांब लिहितो.

६ जून २००५ ला राज्य विद्युत मंडळाच्या कंपन्या झाल्या. पाटी बदलली, पुढे लाईनमनला ‘जनमित्र’ म्हणू लागले. साहेबाच्या टेबलापुढे हात बांधून उभं राहायची रीत मात्र तीच राहिली. मी त्या रीतीला सरसकट नावं ठेवणार नाही. १९६० पासून मंडळाने गावोगाव वीज नेली ती हुकमाच्या शिस्तीवरच. पण जिथे नुसता हुकूम चालतो तिथे चूक लपवली जाते, आणि आपल्या कामात लपलेली चूक माणूस मारते.

माझ्याच हातून घडलेलं सांगतो. रब्बीचे दिवस, हरभऱ्याचं ओलीत जोरात. एक विद्युत सहाय्यक, म्हणजे लाईनमनच्या हाताखालचा नवा पोरगा, डीपी (गावचा ट्रान्सफॉर्मर) बंद करून एलटीच्या, म्हणजे कमी दाबाच्या लाईनच्या, खांबावर चढला. अर्थिंग, म्हणजे बंद केलेल्या तारा जमिनीला जोडून ठेवणं, केलं नव्हतं. गावात कुणीतरी चेंजओव्हर स्विच (जनरेटरची वीज लाईनवर जाऊ न देणारा) न बसवता जनरेटर सुरू केला, उलटा करंट आला, पोराचा हात झटकला गेला. वाचला. संध्याकाळी स्वतःहून येऊन त्याने मला सांगितलं आणि मी त्याला मेमो दिला.

पुढची दोन वर्षं माझ्या शाखेत कुणालाही झटका बसला नाही, निदान माझ्या कानावर तरी आलं नाही. शाखा सुरक्षित आहे असं मी खरंच समजत होतो. नंतर एका प्रशिक्षणात आम्हाला विचारलं, वाईट बातमी तुमच्यापर्यंत किती वेळात येते? बाकीचं सगळं विसरलो, तो प्रश्न राहिला.

परतल्यावर सगळ्यांसमोर त्या पोराला सांगितलं की तो मेमो देणं माझी चूक होती. त्यावर एक जुना लाईनमन म्हणाला, “सांगतलं त मेमो भेटते साहेब, मंग कोन सांगन?” त्या दिवसापासून सकाळी कामावर निघण्याआधी दहा मिनिटं सगळे उभ्या उभ्या बोलायचे. आधी सगळ्यात नवा मुलगा, साहेब शेवटी. पहिला महिना शांततेतच गेला, त्याने खचू नका. मग उपकेंद्रातला यंत्रचालक बोलला, “फोनवर आवाज ओळखतो अन् लाईन चालू करतो.” म्हणजे खांबावरचा माणूस उतरला की नाही, हे आवाजाच्या ओळखीवर ठरत होतं! दुसऱ्याच दिवशी नियम पक्का केला: ज्याच्या नावावर परमिट (लाईन बंद ठेवून काम करायची परवानगी), त्यानेच ते नंबरासकट परत करायचं, त्याशिवाय लाईन चार्ज नाही. झिरो वायरमन, म्हणजे नोकरीत नसलेली गावातली पोरं, कुठे कुठे खांबावर चढतात, हे कळायला आणखी सहा महिने लागले. ती पोरं चढतात कारण गावं जास्त आणि माणसं कमी. रिकाम्या जागा तुम्ही भरू शकणार नाही, पण कोणत्या गावाला माणूस पुरत नाही ते दर महिन्याला वर लेखी कळवा.

आणि एक. ग्रामीण भागात जळालेली डीपी ४८ तासांत बदलायची हे वीज नियामक आयोगाचं मानक आहे, त्यामुळे सरपंचापासून सगळ्यांचे फोन येणारच. ते तुम्ही घ्या. खांबावरच्या माणसाला ‘किती वेळ लागेल’ असं पाच-पाच मिनिटांनी विचारू नका. घाई त्याच्या हातात उतरते.

तुमचे उपकार्यकारी अभियंता अजून मेमोच्या भाषेत बोलत असतील, तर त्यांना एकदा या दहा मिनिटांना नुसतं उभं राहायला बोलवा. मी बोलावलं होतं. ते आले, आणि पुढच्या आठवड्यात न बोलावता आले. तुम्ही करून बघा, आणि पहिली कबुली कशाची आली ते नाव न घालता इथे लिहा.