आधी ओढा चालून ये

तुझा रात्रीचा मेसेज दोनदा वाचला. रिपोर्टात ओढ्याला 'ड्रेन', म्हणजे नुसतं गटार, लिहायला सांगतायत, सही करू की नोकरी सोडू. अगं, तू तो ओढा बघितलायस का? ड्रोनचे फोटो नाही विचारत मी. पायांनी. नाही ना? मग सहीचं राहू दे, आधी ओढा चालून ये.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री तू शाळेत असशील. कात्रजच्या बाजूला पाऊस कोसळला आणि आंबिल ओढा टांगेवाला कॉलनीत, अरण्येश्वरला भिंती पाडत घुसला, पुणे शहर-जिल्ह्यात वीसच्या वर माणसं गेली. १९६१ च्या पानशेतसारखं धरणबिरण काही फुटलं नव्हतं. आपला काळा कातळ मुळातच पाणी कमी पितो, जे काय मुरतं ते वरच्या मातीत, मुरुमात, भेगांत, आणि नेमकं तेच खरवडून आपण पार्किंग केलं, मग सगळं पाणी एकदम खाली येणार नाहीतर काय, आणि खाली ओढा दोन्ही बाजूंनी भिंती घालून आवळलेला. मुरलं नाही म्हणून उन्हाळ्यात ओढ्यात फक्त सांडपाणी, काठचे उंबर-करंज वाळतात, खेकडे-बेडूक संपतात, आणि पावसाळ्यात तळघरात पाणी शिरलेल्या सोसायटीतच एप्रिलमध्ये टँकर येतो. तुझ्या ड्राफ्टात 'शाश्वत' अकरा वेळा आलंय. ओढ्याकाठचा वाळुंज वृक्ष एकदाही नाही. चालली असतीस तर आला असता गं.

माझंही सांगतो. ९४-९५ च्या सुमारास एका लेआउटसाठी मी ओढा पाइपात घातला. मार्च महिना, ओढा ठणठणीत कोरडा, ९०० एमएमचा पाइप पुरेल असं टेबलावर काढलं. जमिनीचा जुना मालक ऑफिसात येऊन म्हणाला, साहेब, जुलैत या आणि त्या खडकावर उभं राहून दाखवा. हसलो मी. साइट लांब नव्हती, ऊन होतं म्हणून गेलो नाही. नियमात बसत होतं सगळं, वरच्यांनीही मान हलवली, घरी दोन लहान पोरं, मी तरी काय करणार होतो. असो. तिथे तळमजल्यावरचे लोक जूनपासून फ्रिज विटांवर चढवून ठेवतात.

म्हणून नोकरी सोडायचा विचार मला पटत नाही. तू सोडलीस तर तुझ्या जागी टेबलावर बसणारा कुणीतरी येईल, माझ्यासारखा. पुणे महापालिकेच्या हद्दीत २०१७ ला ११ गावं आली, २०२१ ला २३, तिथले ओढे अजून डोळ्यांना दिसतात तरी. नकाशावरची पुराची निळी रेषा, लाल रेषा तुला पाठ आहे, पण पाण्याची खूण भिंतीवर असते आणि ती दाखवणारी आजी ओट्यावर बसलेली असते. तिला विचार.

शनिवारी सातला निघ. उगमापासून संगमापर्यंत, मध्ये रिक्षा करायची नाही. रस्त्याखालच्या प्रत्येक मोरीला टेप लाव, रुंदी-उंची लिही, कुठे भराव दिसला तर फोटो. मी येत नाही, गुडघे गेलेत. संध्याकाळी फोन कर, ड्रेन लिहायचं का ते तेव्हा बोलू. आणि जुने बूट घाल, नवे फुकट जातील.